घर कुणाच्या खांबावर

मनिलाहून आलेल्या वारसा खात्याच्या पोराने विचारलं ते अगदी साधं होतं. "घराचा मुख्य भार कुठल्या खांबावर आहे हो? पाटी त्याच्यावरच लावू म्हणतो." एवढं विचारून, कायामोनाने दिलेली कॉफी पिऊन, "शुक्रवारी पाटी घेऊन येतो" असं सांगून तो जीपमध्ये बसून गेलासुद्धा. जाण्याआधी त्याने खांबांवर उंच उचललेल्या त्या घराच्या फळ्यांखाली वाकून बघायचा प्रयत्न केला होता, पण कायामोना नेमकी कोंबड्यांचं खुराडं घेऊन आडवी आली. "खाली साप आहेत," ती म्हणाली. पोरगं शहरातलं. त्याने लगेच विश्वास ठेवला.

दिलामानमध्ये असला प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. गाव तळ्याकाठचं, एवढंसं, पण तिथे सुलतान आणि दातू, म्हणजे सरदार, यांचा तुटवडा कधी पडला नाही. सहज भिरकावलेला खडा कुठल्या ना कुठल्या दातूलाच लागायचा आणि मग पुढच्या दोन पिढ्या त्या खड्यापायी एकमेकांच्या लग्नाला जायच्या नाहीत. अशा गावात तोरोगानचा, म्हणजे सुलतानाच्या थोरल्या घराचा, भार कोण उचलतं हे विचारायचं म्हणजे विचारणाऱ्याने निदान जीप तरी सुरू ठेवायला हवी. ती त्याने ठेवली होती.

बुधवारी सकाळी सुलतानाच्या घराण्यातली तिन्ही मानाची घरं तोरोगानच्या मोठ्या दालनात जमली, ती या प्रश्नापायी. कायामोना आली ती कॉफीची किटली घेऊन. तिचं काम वेगळं होतं आणि ते तिला आजच उरकायचं होतं.

वारलेल्या सुलतान पांगांदाग यांच्या चार बायका. या घराची रीत अशी की नवी नवरी आली, की तिच्या माहेरच्यांनी घराच्या दर्शनी बाजूचा एक खांब कोरून आणायचा, जुना काढून तो बसवायचा. थोरलीच्या माहेराने नागाचा खांब आणला, तो मधला. दुसरीचा नेच्याच्या वेलाचा, तो डावीकडचा. तिसरीचा माशांचा, तो उजवीकडचा. चौथी आली तेव्हा दर्शनी खांब संपले होते. तशीही ती तळ्यातल्या नावाड्याची मुलगी, तिच्या माहेरी कोरणारं कोण? ती येताना फणसाच्या लाकडाचं एक उखळ घेऊन आली. घराच्या मागच्या दाराने आली आणि जन्मभर मागच्याच दाराने वावरली. कायामोना ही तिची मुलगी. घर झाडायला, सारवायला, पाहुण्यांचं करायला चाळीसेक वर्षं कायामोना, आणि मानाला बाकी तिघं.

"शुक्रवारी माझ्या नोर्मालाचा निका आहे, दादा," कायामोनाने थोरल्या मागारांगच्या पेल्यात कॉफी ओतता ओतता विषय काढला. "तुगाया गावाहून मुलाकडची मंडळी येणार. पितळकाम करणारी माणसं, फार ताठ. नवरीमुलगी कुणाच्या खांबासमोर बसणार, असं आत्तापासून विचारतायत."

दातू मागारांग नगरपालिकेवर तीनदा निवडून आलेला आणि एकदा पडलेला माणूस. त्या एकदाचं त्याच्यासमोर कुणी काढत नसे. "मग? तू काय सांगितलंस?"

"तुम्हाला विचारून सांगते म्हटलं. आपण एकाच बापाची. तुमच्या नागाच्या खांबासमोर बसू द्या तिला. पुढच्या जिन्याने चढू द्या. माझं लग्न स्वयंपाकघरात लागलं, त्याबद्दल मी काही बोलले का कधी?"

"आत्ता बोललीस की," हाज्जा सोबाइदा म्हणाली. दुसरीची मुलगी. हज करून आल्यापासून ती हळू आवाजात बोलायची आणि ते पूर्वीच्या ओरडण्यापेक्षा जास्त लागायचं.

"खांब म्हणजे काय पाट आहे, मागितला की सरकवायचा?" मागारांग म्हणाला. "आधी पाटीचं ठरू दे. मग तुझं बघू. खरं तर ठरवायचं काय त्यात? मधला खांब माझ्या आईचा. भार मधल्यावरच असतो."

"मधला मिरवायला असतो," दातू कासान म्हणाला. तिसरीचा मुलगा, मारावी शहरात सिमेंट-लोखंडाचं दुकान. "वजन कडेला जातं. मला नका शिकवू, माझा धंदा आहे तो."

"मग तुझं दुकान का कललंय?" सोबाइदाने विचारलं.

"ते कललेलं नाही. रस्ता कललाय."

नोर्माला दारात उभी होती, ती फिस्सकन हसली. आईने डोळे वटारले तेव्हा ती तोंडावर नेसूच्या मालोंगचा घोळ धरून बाहेर गेली, पण तिथूनही हसणं ऐकू येत राहिलं.

"तिन्हीवर आहे म्हणून सांगा ना," कायामोना म्हणाली. "घर तिघांचं, भार तिघांवर."

"पाटी एकच आहे," तिघंही म्हणाले.

वाद तापत गेला. नागाने वेलाला बांडगूळ म्हटलं, वेलाने माशांना तळ्यातला गाळ म्हटलं. कुणाच्या आजोबांनी कुणाच्या आजोबांची नाव कशी परत केली नव्हती इथपर्यंत गाडी गेली. शेवटी कासान उठून उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

"काढा माझा खांब! आत्ताच्या आत्ता काढा! घर कोसळलं की कळेल सगळ्यांना ते कुणावर उभं होतं ते!"

कायामोनाला वाटलं, आता कुणीतरी म्हणेल, अरे कासान, शुद्धीवर ये. पण तिने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. घर कोसळताना तिघांनाही दिसत होतं, प्रत्येकाला आपापल्या खांबापायी, आणि तिघंही मनातून सुखावली होती.

"काढाच," मागारांग म्हणाला. "पण घर पडलं नाही तर?"

"तर मी दातू म्हणवून घेणार नाही."

कायामोनाने किटली खाली ठेवली. तिला घर पडायची भीती नव्हती. ते पडणार नाही, याचीच होती.

कारण त्या तीन खांबांवर बऱ्याच वर्षांपासून काहीच उभं नव्हतं. मोठा भूकंप झाला तेव्हा तिच्या लक्षात आलं होतं, की खालून वाळवीने तिन्ही पोखरलेत. वर नाग, वेल, मासे शाबूत आणि आत भुगा. सांगायचं कुणाला? सोबाइदाच्या खांबाला कासानच्या बायकोने कपडे वाळत घालायला एक खिळा मारला, तर दोन घरं कित्येक वर्षं बोलत नव्हती. आपल्या खांबाला वाळवी लागली हे कुणी ऐकून घेतलं नसतं, आणि दुसऱ्याच्या हातची दुरुस्ती तर मेल्यावरही नाही. तेव्हा तिचा नवरा ओम्ब्रा होता, जीप चालवायचा. एका दुपारी सगळी लग्नाला गेलेली असताना दोघं घराखाली शिरली. ओम्ब्राने जीपचा जॅक लावून पुढची तुळई उचलली, तळ्यातला एक चपटा धोंडा सरकवला, आणि वर ठेवायला काही भक्कम मिळेना तेव्हा कायामोनाने आईचं उखळ आणलं. उपडं करून बसवलं. नीट बसलं. दोन्ही बाजूंना दगड भरलेली तेलाची पिंपं उभी केली, पुढून सरपण रचलं, जुने मालोंग पडद्यासारखे बांधले. पुढे ओम्ब्रा वारला, उखळ राहिलं. तेव्हापासून ती कुटायला बारकं दगडी उखळ वापरायची. दातू घराखाली वाकत नाहीत, तिथे कोंबड्या असतात, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही.

"अहो, जेवणं तरी होऊ द्या," ती म्हणाली. "आत चूल पेटलीय. कोंबड्या अंड्यावर बसल्यायत."

"कोंबड्या हलव," मागारांग म्हणाला.

घरातून चटया, कुराण, कुलिंतांग वाद्याच्या घंटा, बापाची पगडी, सगळं अंगणात आणून ठेवलं. कासानच्या भाच्यांनी माशांच्या खांबाला दोर बांधला. गाव कुंपणावर बसलं होतं. कासानने हात वर केला, डोळे मिटले आणि म्हणाला, "खेचा."

खांब निघाला तो हलणारा दात निघावा तसा. पोरं जोर लावून खेचत होती ती सगळी खांबासकट उताणी पडली. भुग्याचा ढग उठला. घर जागच्या जागी.

खालून एक कोंबडी बाहेर आली, तिने इकडेतिकडे पाहिलं आणि परत आत गेली.

"वेळ लागतो," कासान म्हणाला. "लाकूड आहे. लगेच कसं पडेल?"

सगळ्यांनी वाट पाहिली. मागारांगने खुर्ची मागवली. कुंपणावरचं एक पोर कंटाळून रडायला लागलं. घराने काही मनावर घेतलं नाही.

"दातू नाही म्हणायचं ना आता?" सोबाइदा हळूच म्हणाली. "मग काय म्हणू? नुसतं कासान?"

"तुझा काढ! तुझा काढून दाखव!"

"काढते की. माझ्या आईच्या खांबावर घर नसेल तर कुणावर असेल?"

वेलाचा खांब तर खेचावासुद्धा लागला नाही. दोर बांधतानाच तो कलला आणि कुंपणाला टेकला. सोबाइदा पुटपुटत जपमाळ ओढायला लागली. कासानचा जीव इतका भांड्यात पडला की त्याने तिला पाणी आणून दिलं.

आता सगळ्यांचे डोळे मागारांगवर. "नागाच्या खांबाला हात लावण्याआधी मेजवानी द्यावी लागते," तो म्हणाला. "रीत आहे."

"मग जेवण कर," कासान म्हणाला. "कायामोनाने केलंच आहे."

कायामोनाने वाढलं. खोबरं घातलेली कोंबडी, भात, पालापाची झणझणीत चटणी. तिघं पडलेल्या दोन खांबांकडे पाठ करून जेवली. तिला मात्र घास जाईना. आज संध्याकाळपर्यंत त्यांना कळणार, की आपण नावाडणीच्या उखळावर मानाने बसत होतो. मग नोर्मालाला पुढचा जिना कशाला, मागचं दारही बंद होईल. पोरीची काय चूक?

जेवणं झाली. नागाचा खांब निघाला. घर उभंच.

तीन पडकी लाकडं अंगणात आणि वर ते एवढं थोरलं घर, पंखांसारखी कोरलेली तुळयांची टोकं आभाळात घेऊन, जसंच्या तसं.

"सुभानल्लाह," सोबाइदा म्हणाली. "हवेत आहे."

मागारांगचा चेहरा हळूहळू उजळायला लागला. निवडणुका लढवलेला माणूस, पडलेलं उचलायची त्याला सवय होती. "बापजाद्यांची करामत आहे ही," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "खांबांवर नव्हतंच घर. आपल्या रक्ताच्या मरातबावर उभं होतं!"

"तिघांच्या," कासान म्हणाला.

"तिघांच्या. कासान, तुझं दातूपण तुला परत."

कुंपणावरून वाहवा झाली. तिघांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. बाप गेल्यापासून पहिल्यांदाच. कायामोनाला वाटलं, वाचलो. होऊ दे त्यांचा चमत्कार.

"पाटी तर लागेलच, वर बाहेरून लोक येतील," मागारांग म्हणाला. "आता ही जागा साधी राहिली नाही. यापुढे इथे लग्नंबिग्नं नकोत. कायामोना, तू तुझं मागे उरकून घे, स्वयंपाकघरात. तुझंही तिथेच झालं होतं ना?"

कायामोनाने उष्टी ताटं एकात एक ठेवली, ती नोर्मालाच्या हातात दिली, मालोंग कमरेला घट्ट खोचला आणि घराखाली वाकून सरपण बाजूला करायला लागली.

"काय करतेस?" सोबाइदाने विचारलं.

"सगळ्यांनी आपापलं काढलं. मी माझं काढून नेते." आतून तिचा आवाज आला. "परवा लग्न आहे. तुगायाच्या मंडळींना पालापा ढीगभर लागेल, बारक्या उखळात भागायचं नाही. नोर्माला, बाबांचा जॅक आण गं!"

तिने मालोंगचा पडदा ओढून काढला.

दातू वाकले. मागारांगचे गुडघे कडकडले. सोबाइदा जपमाळ सावरत जमिनीवर बसलीच. धोंड्यावर उपडं ठेवलेलं, काळवंडलेलं ते उखळ, आणि त्याच्यावर त्यांचं सगळं घर.

"हात लावू नकोस त्याला!" कासान किंचाळला. धंदा त्याचाच, त्यालाच पहिल्यांदा कळलं.

"तू आमच्या खांबांना हात लावलास?" सोबाइदाचा आवाज हज केल्यानंतर पहिल्यांदाच वर गेला.

"खांबांना नाही लावला. लावला असता तर हातात आले असते. तुळईला लावला."

"कधीपासून हे?"

"भूकंपापासून."

प्रत्येकजण मनात मागे गेला. कासानच्या मुलीचं लग्न वरच्या याच फळ्यांवर लागलं होतं. सोबाइदाच्या हजची मेजवानी इथेच झाली, बायकांनी जमीन दणाणून सोडली होती. मागारांगने तर याच जागी उभं राहून भाषण केलं होतं, की मी कुणाच्याही आधारावर उभा नाही.

नोर्माला जॅक घेऊन आली. गंजलेला होता, पण तिने तो असा काही धरला होता, की कुंपणावरचे दोघेचौघे खाली उतरून लांब जाऊन उभे राहिले.

"लावू, आई?"

"लाव."

"अगं थांब! थांब गं पोरी!" मागारांग म्हणाला. "कायामोना, असं काय करतेस? घरचीच ना तू?"

"घरची आहे का मी?" कायामोना बाहेर येऊन उभी राहिली. केसांत भुगा, कोळिष्टकं. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि तिने दोन्ही लपवलं नाही. "मग मुलगी पुढच्या जिन्याने चढेल. मोठ्या दालनात मध्ये बसेल."

"बसू दे, बसू दे. चढू दे."

"कुणाच्या खांबासमोर?"

मागारांगने अंगणाकडे बघितलं. "खांब तर सगळे पडलेत."

"म्हणून तर विचारते, दादा. तुगायाची माणसं विचारतील. काय सांगू?"

त्याने सोबाइदाकडे पाहिलं, ती जपमाळेत गुंतली होती. कासान उखळाकडे बघत होता. मागारांगने घसा खाकरला. "सांग की... तुझ्या आईच्या."

"माझ्या आईला नाव होतं."

ते नाव या अंगणात मानाने कधी घेतलं गेलं नव्हतं. चौथी, नावाडीण, मागचीला सांग, एवढंच. कायामोनाची आई या घरात म्हातारी झाली आणि वारली, ती तशीच. मागारांगला ते नाव आठवायला जरा वेळ लागला, की जिभेवर यायला, कोण जाणे.

"बाई मोंतियाच्या," तो म्हणाला, दातूंच्या घरच्या बायकांनाच लावतात तो बाई हा किताब लावून. "बाई मोंतियाच्या खांबासमोर."

"जॅक ठेवून ये, नोर्माला," कायामोना म्हणाली. तिने मालोंगच्या टोकाने नाक पुसलं आणि ती सरपण परत रचायला लागली. यावेळी तिने समोरची जागा मोकळी ठेवली.

शुक्रवारपर्यंत तिन्ही खांब जागेवर आले. म्हणजे वरून तुळईला बांधून लोंबकळत ठेवले. खालून ते दगडाला टेकत नव्हते, पण कासानने सिमेंटने फट बुजवली आणि पैसे घेतले नाहीत, यावरून त्याची मनःस्थिती ओळखावी.

वारसा खात्याचं पोरगं पाटी घेऊन आलं तेव्हा दातू मागारांगनेच त्याला हाताला धरून घराखाली नेलं. पोरगं पाय जपून टाकत होतं, सापांचं त्याच्या डोक्यात होतं. उखळ पाहून ते गोंधळलं.

"हे मूळ रचनेतलं दिसत नाही."

"मूळचंच आहे!" तिघंही एकदम ओरडले.

सुलतान पांगांदागच्या मुलांचं जन्मात एवढ्या एका गोष्टीवर एकमत झालं. मागारांगने लगेच पुढचं रचलं, की आमच्यात चौथा खांब उखळाचाच असतो, फार जुनी पद्धत आहे, आता लोक विसरले. पोरगं भराभर लिहून घेत होतं. पाटी मुख्य भाराच्या जागी लावायची असा नियम, तेव्हा ती उखळावरच बांधली. खिळा मारायला कायामोनाने मनाई केली, फणस चिरतो म्हणून. पाटी इतकी खाली आली, की ज्याला वाचायची त्याला वाकावंच लागायचं. तुगायाची ताठ मंडळी एकामागून एक वाकली.

नोर्माला पुढच्या जिन्याने चढली. कायामोना सवयीने मागे वळली होती, पालापाचं पातेलं घेऊन. तो शेजारणीच्या उखळात कुटला होता. शेजारणीने विचारलंच, तुमचं थोरलं कुठे गेलं म्हणून. "कामात आहे," कायामोना म्हणाली होती.

"तिकडून कुठे, बाई?" जिन्याच्या तोंडाशी उभा असलेला मागारांग म्हणाला. "पुढून या."

बाई म्हणाला. तिने पातेलं सावरलं आणि चढली. वर कुलिंतांग सुरू झालं होतं, माणसं दाटीवाटीने बसलेली, पोरं धावत होती, तुगायाच्या बायका नाचायला उठल्या होत्या आणि जमीन पायाखाली दणदणत होती. ती मुलीजवळ, मधोमध, जाऊन बसली. मागारांग शेजारी येऊन टेकला. ताट समोर होतं, पण त्याचं लक्ष फळ्यांकडे होतं. नाचणाऱ्या बायकांनी एकदम पाय आपटले तसा तो कायामोनाच्या कानाशी वाकला.

"पडणार नाही ना गं?"

"आई आहे खाली," कायामोना म्हणाली आणि तिने त्याच्या पानात पालापा वाढला. "जेवा तुम्ही."